शवपेटीजवळचा फोटो

मणितुरुत्त बेटावर त्रेस्याची बोलणी ऐकल्याशिवाय कुणाला मातीत जाता येत नसे. मेलेल्याला ती काही म्हणत नसे, पण त्याच्याभोवती जमलेल्यांची धडगत नसे. पेटीच्या उशाशी कोण, पायथ्याशी कोण, कुणाच्या खांद्याआड कुणाचं तोंड गेलं, कुणाचा मोबाइल वाजला, हे सगळं ती कॅमेऱ्यामागून ओरडून सांगायची. "रडायचं ते नंतर रडा, आधी इकडे बघा," हे तिचं वाक्य कालव्याच्या दोन्ही काठांना पाठ होतं. आणि लोक खरोखरच नाक पुसून, रडणं थांबवून इकडे बघत. फोटो झाला की जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू करत.

केरळातल्या आमच्या कुट्टनाडात एक वेळ लग्नाचा फोटो नसला तरी चालेल, मयताचा लागतोच. पेटी घरातून निघायच्या आधी अंगणात, मांडवाखाली, मेलेल्याचा चेहरा उघडा ठेवून घरच्यांनी पेटीजवळ उभं राहायचं. त्याला क्रम आहे. आधी मुलगे, मग सुना, मग मुली, मग जावई, नातवंडं, भावंडं. नात्याने हाक मारायचं काम फोटोग्राफरचं. तेवढा वेळ अच्चन, आमचे पाद्री, तेसुद्धा प्रार्थनेचं पुस्तक मिटून, पानात बोट अडकवून गप्प उभे राहतात. फोटोग्राफर "फोटो झाले" म्हणाला की शेवटचं चुंबन, आणि मग पेटी होडीत. त्या फोटोत जो उभा राहिला तो त्या घरचा. जो नाही राहिला त्याला पुढे कुणी विचारत नाही. पुढच्या पिढीला तो माणूस होता हेच ठाऊक नसतं.

हे काम त्रेस्याकडे आलं तेच मुळी तिचा अपमान होऊन. तिचा बाप चाक्को, बोटीच्या धक्क्याजवळचा ज्योती स्टुडिओ त्याचा. तीन मुली. थोरल्या दोघी नर्स झाल्या आणि एक मस्कतला, एक इंग्लंडला गेली. धाकटीनेही तेच करावं म्हणून आईने नवस बोलला, पण त्रेस्याला रुग्णांशी गोड बोलणं जमणारं नव्हतं, हे आईसुद्धा मनातल्या मनात जाणून होती. बापाला दमा झाला तेव्हा तिने कॅमेरा गळ्यात घातला आणि पहिल्याच लग्नाला गेली. नवऱ्यामुलाच्या काकाने तिला मांडवाच्या दारातून परत पाठवलं. बाई कॅमेरा घेऊन वाकणार, उठणार, खुर्चीवर चढणार, चार पाहुण्यांत बरं दिसत नाही, म्हणाला. त्याच काकाची आई दोन महिन्यांनी वारली तेव्हा तो स्वतः होडी घेऊन तिला न्यायला आला. मयताला दुसरा कुणी फोटोग्राफर येत नव्हता.

"लग्नात बाईचा हात वाईट दिसतो, मयतात चालतो," ती त्याला होडीत बसल्या बसल्या म्हणाली. "मेलेला तक्रार करत नाही म्हणून का?"

तो राग त्रेस्याने जन्मभर जपला. पुढे कॅमेरावाल्या मुली लग्नात मिरवणं ही फॅशन झाली आणि लोक तिला लग्नासाठी विचारायला लागले, तेव्हा तिने साफ नकार दिला. आता मला हलणाऱ्या माणसांची सवय राहिलेली नाही, असं ती तोंडावर सांगायची.

नवरा औसेप सरकारी बोटीवर सुकाणूला होता. मणितुरुत्तावरचा सगळ्यात शांत माणूस. तिच्या बोलण्याला तो उत्तर देत नसे आणि तिच्या कामात कधी आडवा येत नसे. सुट्टी टाकून तो तिला छोट्या होडीतून मयताला न्यायचा, तिवई खांद्यावर घ्यायचा, ऊन असलं की कॅमेऱ्यावर छत्री धरायचा. बायकोवर धरायला विसरायचा, त्यावरून बोलणी खायचा.

फिल्म गेली, कॉम्प्युटर आला, आणि त्याबरोबर एक नवीन रोगही आला. कुवेतहून, ह्यूस्टनहून, कुठून कुठून फोन यायचे. चेची, ताई गं, मला रजा मिळाली नाही, माझा सुटातला फोटो पाठवतोय, तेवढा अप्पच्चनच्या पेटीच्या उशाशी बसवून टाक. किंवा, धाकट्या भावाशी कोर्टात चाललंय, त्याला तेवढा पुसून टाक. चंगनाशेरी शहरातले स्टुडिओ हे चहा पितापिता करून द्यायचे. त्रेस्या फोनवरच भडकायची. आला नाहीस तर नाहीस, आणि उभा होता तर होता. जो उभा राहिला त्याला काढणार नाही, जो राहिला नाही त्याला घालणार नाही. पाहिजे तर दुसरीकडे जा. लोक चिडत, पण जात नसत, कारण तिच्या फोटोवर कुणी शंका घेऊ शकत नव्हतं. वाटणीच्या भांडणात पंच म्हणायचे, त्रेस्याचा फोटो आणा.

नंतर थेट प्रक्षेपण सुरू झालं. अंगणात उभ्या केलेल्या मोबाइलवरून अंत्यसंस्कार परदेशातली पोरं घरबसल्या बघायला लागली. त्रेस्याने तेही शिकून घेतलं. मोबाइलची काठी औसेपच्या हातात देऊन ती त्याला बजावायची की तू खांब आहेस, खांब बोलत नाही आणि हलतही नाही. औसेपला हे काम आवडायचं.

एका दुपारी पुत्तनपुरा घरची म्हातारी, एलिकुट्टी अम्मच्ची, स्टुडिओत आली. पांढरा चट्टा-मुंडू, म्हणजे सैल पोलका आणि लुंगी, कडक इस्त्रीचा, कानाच्या वरच्या पाळीत जुनी सोन्याची कडी. पेपरात छापायचा फोटो काढायला आली होती. आमच्याकडे शहाणी माणसं हा फोटो हातीपायी धड असतानाच काढून ठेवतात, नाहीतर मुलं कुठल्या तरी लग्नाच्या फोटोतून मुंडकं कापून मृत्यूच्या पानावर देतात. त्रेस्याने तिला स्टुलावर बसवलं आणि हनुवटी वर करायला लावली. अशी खाली मान घालून बसलात तर पेपरात मेल्यासारख्या दिसाल, म्हणाली. अम्मच्ची हसली आणि तेच हसू फोटोत आलं.

फोटो झाला तरी ती स्टुलावरून उठेना. मग म्हणाली, जान्सीबद्दल बोलायचंय.

जान्सी तिची मुलगी. पत्रोसशी लग्न केलं म्हणून बारा वर्षांपूर्वी घरातून हाकललेली. पत्रोसच्या बापजाद्यांनी पुत्तनपुराच्या शेतातलं पाणी उपसण्यात हाडं झिजवली होती. तेही ख्रिस्ती, हेही ख्रिस्ती, देऊळ एक, प्रार्थना एक. आमच्याकडे येशू एकच आहे, बाकं मात्र जातीनुसार दोन प्रकारची आहेत, आणि दफनभूमीचे कोपरेही दोन आहेत. जान्सीचा भाऊ कुरुविला देवळाच्या कारभाऱ्यांपैकी एक. बाकांची व्यवस्था तोच बघायचा. बहीण मागच्या बाकावर जाऊन बसली त्या रविवारी त्याने घरी येऊन तिचं ट्रंकेतलं सामान कालव्याच्या पायऱ्यांवर ठेवलं. जान्सी समोरच्याच काठावर राहायची, कपडे शिवायची. तिच्या शिलाई मशीनसमोरच्या खिडकीतून आईचं स्वयंपाकघर दिसायचं.

"पेटीजवळ माझी दोन्ही मुलं उभी राहिली पाहिजेत," अम्मच्ची म्हणाली. "एका फोटोत. तू नंतर कुणाला घालत नाहीस, म्हणून आत्ताच सांगून ठेवते."

त्रेस्याचा पारा चढला. हे कुरुविलाला सांगा, मला काय सांगता, असं म्हणून तिने दिवे फटाफट बंद केले. मग वळून म्हणाली, "कालव्यापलीकडे मुलगी राहते. पायरीवर उभं राहून हाक मारली तर ऐकू जाईल. जिवंतपणी एक हाक मारवत नाही तुम्हाला, आणि मेल्यावर माझ्याकडून मारून घेणार?"

"त्या घरात माझा आवाज चुलीच्या पलीकडे जात नाही, मोळे, पोरी. तुझा जातो. तू ओरडलीस की अच्चनसुद्धा थांबतात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तू नाही म्हणणार नाहीस," अम्मच्ची उठत म्हणाली. "तुला राग आलाय."

त्या संध्याकाळी त्रेस्याने उकडलेले कप्प्याचे कंद आणि मासळीची आमटी औसेपच्या ताटात अशी आदळली की आमटी त्याच्या मुंडूवर उडाली. सगळी हकिगत सांगून झाल्यावर औसेपने विचारलं, मग तू शब्द दिलास का? तिने सांगितलं, शब्द कसला, चांगली खडसावली तिला. औसेप शांतपणे म्हणाला, म्हणजे दिलासच.

अम्मच्ची गेली ती झोपेतच. कुरुविलाची दोन्ही मुलं आयर्लंडला, नवीन नोकऱ्या, येणं जमेना. म्हणून थेट प्रक्षेपण ठरवायला कुरुविला स्वतः स्टुडिओत आला. मोबाइल जवळ लाव, आवाज स्वच्छ पाहिजे, पोरांना अच्चनचा शब्दन्‌शब्द ऐकू गेला पाहिजे, असं सांगितलं. पैशांकडे बघू नकोस, म्हणाला. आणि दारापर्यंत जाऊन परत फिरला.

ती येईल, म्हणाला. बहिणीचं नाव त्याने घेतलं नाही. अंगणाच्या बाहेर उभी राहिली तर राहू दे, पण फोटोत किंवा मोबाइलवर कुठे दिसता कामा नये. मागे कुठे आलीच तर नंतर काढून टाकायची. त्रेस्याने त्याला आठवण दिली की ती कुणालाच काढत नाही. मग येणारच नाही असं बघ, असं म्हणून तो गेला.

तो गेल्यावर तिने पेपर उघडला. मृत्यूच्या पानावर एलिकुट्टी अम्मच्ची हनुवटी वर करून हसत होती. खाली छापलं होतं, मुलगा कुरुविला, मग सुनेचं नाव, मग नातवांची. मुलीचा पत्ता नव्हता. त्रेस्याने ते दोनदा वाचलं. तिने काढलेल्या फोटोखाली हे छापलं होतं, याची तिला किळस आली. तिचा राग एकट्या कुरुविलावर नव्हता. ज्या म्हातारीने पेपरासाठी हनुवटी वर केली आणि घरात कधीच केली नाही तिच्यावर होता, खिडकीतून आईची चूल बघत बारा वर्षं टाके घालत बसलेल्या मुलीवर होता, आणि सगळं माहीत असून रविवारच्या रविवार आपापल्या बाकावर बसणाऱ्या मणितुरुत्तावर होता. त्यात ती स्वतःही पुढच्या बाकावर बसायची, हे तिच्या डोक्यात आलं आणि ती आणखीच चिडली.

अंगणात माणूस मावत नव्हता. मांडवाखाली पेटी, उशाशी चांदीचा क्रूस, दोन बाजूंना मेणबत्त्या. घाटाला दोन होड्या शेजारीशेजारी बांधून वर फळ्या टाकून ठेवलेल्या. अंगणाच्या कडेला फणसाचं झाड, आणि झाडाच्या पलीकडे, कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला, जान्सी उभी होती. तिच्या मागे, आपल्या होडीशी, पत्रोस. लोक त्या झाडाकडे पाठ करून उभे होते. त्या गर्दीत एवढी एकच जागा मोकळी होती.

प्रार्थना झाली. अच्चननी पुस्तक मिटलं. हे अच्चन नवीन होते, पहिलंच देऊळ. औसेप मोबाइलची काठी धरून पेटीपासून दोन हातांवर उभा राहिला. आयर्लंडहून निरोप आला की चित्र आणि आवाज दोन्ही छान येतायत.

त्रेस्याने मुलग्यांना हाक मारली. कुरुविला पेटीच्या उशाशी उभा राहिला, छाती पुढे काढून. फोटो झाला. तिने सुनांना बोलावलं. त्याची बायको त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तोही झाला.

"मुली," त्रेस्या ओरडली.

कुणी हललं नाही. कुरुविलाच्या बायकोने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. कुरुविला हळूच म्हणाला, भावंडं घे. त्रेस्याने कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. तिने पुन्हा हाक मारली, मुलींनी या.

कुरुविलाचे दात आवळले गेले. "अम्मच्चीला मुलगी नाही," तो म्हणाला. "पेपर वाचला नाहीस का?"

"मोठ्याने बोल, कुरुविला," त्रेस्या म्हणाली. "आयर्लंडला नीट ऐकू गेलं नसेल."

तेव्हा कुठे त्याला मोबाइलची आठवण झाली. पोरांना शब्दन्‌शब्द ऐकू गेला पाहिजे, हा त्याचाच हुकूम होता. त्याने औसेपकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणाच्या हातातून काठी पडली असती. पण औसेपला खांब व्हायला सांगितलं होतं आणि तो खांब राहिला.

मग कुरुविला अच्चनकडे वळला. पाणी उतरतंय, अच्चन, होडी गाळात रुतेल, आता आटपायला हवं, असं गोड आवाजात म्हणाला. अच्चननी पुस्तकातलं बोट काढलं. त्रेस्याने कॅमेरा खाली न घेताच सांगितलं, फोटो झाले असं मी अजून म्हटलेलं नाही, अच्चन. अच्चननी एकदा कारभाऱ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि बोट पुन्हा पानात घातलं. त्या तरुण माणसाला काय करावं ते कळत नव्हतं, आणि हे न कळणंच त्या दिवशी कामाला आलं.

एवढी माणसं होती. म्हातारीच्या हातचं जेवलेली, अडीअडचणीला तिच्या दारी गेलेली. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. कुणी चपलांकडे बघत होतं, कुणी मांडवाच्या कापडाकडे. त्रेस्याला वाटलं, तिवई उचलावी आणि एकेकाच्या डोक्यात घालावी. पण खरा संताप तिला फणसाच्या झाडाचा आला. ती बाई तिथेच उभी होती. तिच्या नावाने दोन हाका झाल्या होत्या आणि ती झाडाला हात लावून तशीच उभी होती.

"जान्सी," त्रेस्या ओरडली, "तुला काय छापील आमंत्रण हवंय? आई तुझी आहे की माझी?"

जान्सीने झाडावरचा हात काढला. कुंपणाच्या फटीतून आत आली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या अंगणात पाऊल टाकत होती, तर तिने आधी चपला काढल्या, लहानपणी काढायची तशा, पायरीच्या डाव्या बाजूला. लोक बाजूला झाले. बोलायला तोंड उघडलं नव्हतं, सरकायला मात्र सगळ्यांना जमलं.

ती पेटीजवळ आली. कुरुविला उशाशीच होता. त्याला बाजूला व्हायचं असतं तर होता आलं असतं. पण मोबाइल चालू होता. आईची पेटी सोडून मुलगा निघून गेला, हे आयर्लंडला दिसलं असतं, ह्यूस्टनच्या चुलत्यांना दिसलं असतं. म्हणून तो जागचा हलला नाही. मान ताठ ठेवून सरळ कॅमेऱ्याकडे बघत राहिला. जान्सी त्याच्या समोर, पेटीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

त्रेस्या काही बोलली नाही. तिने बटण दाबलं, आणि पुन्हा एकदा दाबलं.

मग तिने जावयांना हाक मारली, कारण क्रम म्हणजे क्रम. पत्रोस होडीशी उभा होता. त्याने मान हलवून नकार दिला. त्याच्या बापाला लहानपणी याच अंगणाच्या कडेला, जमिनीत खड्डा करून, त्यात केळीचं पान अंथरून कांजी ओतली जायची. त्या अंगणात फोटोला उभं राहायची त्याला हौस नव्हती. तो राग त्रेस्याला लगेच समजला. तिने त्याला दुसरी हाक मारली नाही. नातवंडं तिथे नव्हतीच, भावंडांना तिने भराभर उभं केलं, आणि म्हणाली, फोटो झाले.

होड्या निघाल्या. जान्सी काठावरून देवळापर्यंत चालत गेली.

त्या आठवड्यात स्टुडिओत येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ लागली. कुणी पासपोर्टचा फोटो काढायला, कुणी उगाच. जो तो दार लोटून घ्यायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, चेची, बरं केलंत, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. त्रेस्याला हे ऐकून कुरुविलापेक्षा जास्त चीड यायची. अंगणात तुझी जीभ काय गहाण पडली होती, असं ती दार सताड उघडून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची. मग ती माणसं यायची बंद झाली.

कुरुविला अल्बम न्यायला आला. पानं उलटत त्या पानावर थांबला. मुलांचे फोनवर फोन येत होते त्याला. आपल्याला एक आत्या आहे, समोरच्या काठावर राहते, हे त्यांना आयर्लंडला बसून मोबाइलवर कळलं होतं. तो राग तो कुणावर काढणार?

"तिला काढ," तो म्हणाला. "नाहीतर मला काढ."

"दोघंही उभे होतात."

"मी उभा राहिलो नाही. मी आधीपासून तिथे होतो."

"मग सरकायचं होतंस."

त्याने अल्बम मिटला. या देवळाच्या हद्दीत तुला यापुढे एकही पेटी दिसणार नाही, असं सांगून गेला. आणि माणूस शब्दाचा पक्का निघाला. त्यानंतर दोन मयतं झाली, दोन्ही वेळा चंगनाशेरीहून ड्रोनवाले आले. ते नात्याने हाका मारत नाहीत. सगळ्यांना एकदम उभं करतात आणि वरून घेतात. वरून कोण कुणाचं ते दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. लोकांना ते सोयीचं वाटलं असावं. त्रेस्या दुकानाच्या दारात उभी राहून त्या भिरभिरणाऱ्या यंत्राला तोंडाला येईल ते बोलायची. औसेप म्हणायचा, आपल्या दोघांच्या वेळी काय करायचं, तू सगळ्यांशी वाकडं घेतलंस, आपले फोटो कोण काढणार? ती म्हणायची, तू आधी जा, मी काढते. माझ्या वेळी हाका मारायला कुणी उरलं नाही तरी चालेल.

शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढायला ती आता पोरांना ओळीने बसवते. पोरं हलतात, हसतात, डोळे मिटतात. तिला ते सहन होत नाही.

जान्सी आली ती बऱ्याच दिवसांनी, दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना. त्रेस्याने आधी त्यावरूनच झापलं. तुझ्या आईचा फोटो आहे, चोरीचा माल नाही, सकाळी सगळ्यांदेखत यायला काय झालं होतं? आणि त्या दिवशी झाडाला काय चिकटून बसली होतीस? दोन हाका मारल्या मी. म्हातारी पेटीत होती म्हणून, नाहीतर उठून आली असती. जान्सीने सगळं ऐकून घेतलं. तोंडाने आग ओकत असतानाच त्रेस्याने कप्प्यातून फोटो काढला. मोठा केलेला, तयार करून ठेवलेला होता.

जान्सीने तो खिडकीच्या उजेडात धरला. कुरुविला ताठ मानेने सरळ समोर बघत होता, जसं मणितुरुत्तावरचा प्रत्येक माणूस प्रत्येक पेटीजवळ बघत आला होता. जान्सी समोर बघतच नव्हती. ती खाली वाकली होती. आईच्या कपाळावरची पांढरी बट तिने दोन बोटांनी मागे सारली होती आणि हात तिथेच राहिला होता. चेहरा अर्धाच आला होता.

फोटोतल्या आपल्या हातावर तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, "चेची, तुम्ही मला 'इकडे बघा' म्हणाला नाहीत."

"म्हटलं असतं तर बघितलं असतंस," त्रेस्या म्हणाली. "सगळे बघतात. बारा वर्षांनी आई बघायला मिळाली होती तुला, तेव्हा माझं थोबाड कशाला बघायचं?"

जान्सीच्या डोळ्यांतून पाणी आलं, हनुवटीपर्यंत आलं. त्रेस्याने तिच्या हातातून फोटो ओढून घेतला, आपल्या पदराने कोरडा केला आणि जाड कागदात गुंडाळायला लागली.

"रडायचं ते घरी जाऊन रड," ती म्हणाली. "खिडकीत बसून रड, समोरच्यांना दिसू दे. पण फोटोवर पाणी पाडू नकोस."